भिजत घातलेली चाके

माणसाला होतात तेवढे सगळे रोग जिला आधीच होऊन गेले आहेत, अशी गाडी मुलखातून नेमकी हुडकून काढावी आणि आनंदाने घरी आणावी, ही विद्या परमेश्वराने फक्त आमच्या आतोबांना दिली होती. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, कल्याणच्या कचेरीत कारकून. मुंबईत कोणी साहेब विलायतेस परत निघाला किंवा कोणा शेटजीने नवी बग्गी घेतली, की जुन्या गाडीला मरायला कोठे तरी जागा लागे. ती जागा म्हणजे आतोबांचे परसू. लोक कुत्री-मांजरे घरी आणून पाळतात, आतोबा गाड्या पाळत. एक दमणी, म्हणजे बैलांची छपराची हलकी गाडी होती, पण तिला छत नव्हते. एक टांगा होता, त्याला उजवीकडे वळणे माहीत नव्हते, त्यामुळे बाजारात जायचे तर आतोबा गावाला डावीकडून वळसा घालून जात. आणि शेवटी आले ते शिग्राम, म्हणजे चार चाकांवर बसवलेली झडपांची मोठी पेटी. आतोबांनी तिच्यावर जो जीव लावला तो पाहून आत्याबाई म्हणत, "सवत आणली असती तर निदान धुणं तरी धुतलं असतं तिनं."

आता कल्याणातही जुन्या मोटारी येऊ लागल्या आहेत. थंडीच्या दिवसांत सकाळी कोणी गृहस्थ मोटारीच्या नाकात दांडा घालून फिरवीत असतो, मोटार खोकते आणि पुन्हा झोपते, तो घाम पुसतो आणि पुन्हा दांडा घालतो. पोरे हसतात. मी मात्र काठी टेकून उभा राहतो, कारण त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो मी पन्नासेक वर्षांपूर्वी पाहिलेला आहे. त्यात राग नसतो, आज हिला काय झाले असावे याचे कुतूहल असते. आतोबांना सगळ्या आयुष्यात एवढा एकच प्रश्न पडला आणि तो रोज नव्याने पडला.

पावसाळ्यात त्यांच्या गाड्या तशा बऱ्या चालत. लाकूड पाणी पिऊन फुगलेले असे, सांधे घट्ट असत. खरी परीक्षा हिवाळ्याची. दिवाळी उलटून कोरडा वारा सुटला की चाकांचे लाकूड आकसे, आरे खुळखुळू लागत आणि चाकाच्या कडेवर ठोकून बसवलेली लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती ढिली होई. आतोबा म्हणत, "थंडीत माणसाचे सांधे धरतात, चाकाचे सुटतात. देवानं दोघांची अदलाबदल केली असती तर किती बरं झालं असतं!" एकदा भर बाजारात शिग्रामाच्या पुढच्या चाकाची धाव निघाली आणि उतारावरून एकटीच घरंगळत थेट हलवायाच्या दुकानात शिरली. हलवाई ओरडत बाहेर आला. आतोबा गाडीतून शांतपणे उतरले, उपरणे नीट केले आणि म्हणाले, "ओरडता कशाला? पुढे गेली, एवढंच. मागे तर नाही ना राहिली?"

यावर त्यांनी इलाज काढला होता तो तळ्याचा. कचेरीला सुटी लागली की गाडी दगडांवर चढवायची, चारही चाके काढायची आणि तळ्यात नेऊन बुडवायची. म्हणजे लाकूड फुगून धावेत घट्ट बसे. इलाज खरा होता आणि गाडीवान लोकही तो करीत, पण कारकुनी पगडी काठावर ठेवून, धोतराचा काचा मारून, मार्गशीर्षातल्या गार पाण्यात छातीपर्यंत उभा राहून एकेका चाकाला अंघोळ घालणारा कचेरीतला माणूस हा एकच. घरी कोणी भेटायला आले की आत्याबाई आतूनच सांगत, "इकडची स्वारी तळ्यात आहे. गाडीही तळ्यात आहे. घोडा तेवढा घरी आहे, त्याला भेटायचं असेल तर या."

वंगणाची गोष्ट याहून बिकट. एरंडेल आणि काजळीचे वंगण थंडीत चिकटून बसते आणि चाक आसावर फिरताना रडते, असे आतोबांचे निरीक्षण होते. त्यांनी खोबरेल घालून पाहिले, ते थिजले. तूप घालायला निघाले तेव्हा आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या बसल्या. शेवटी खाडीवर हिंडताना त्यांना दिसले, की कोळी लोक होड्यांना मुशी नावाच्या माशाच्या काळजाचे तेल चोपडतात आणि ते कसल्याही गारठ्यात थिजत नाही. झाले! सोवळ्याओवळ्याच्या घरातला तो गृहस्थ मडके घेऊन कोळीवाड्यातून तेल घेऊन आला. गाडी लोण्यासारखी चालू लागली, यात वाद नाही, पण तिच्यामागून कल्याणची यच्चयावत मांजरे चालू लागली. बाजारात मासळी विकणारी एक कोळीण तर पाटी खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभीच राहिली. "आवं कारकूनबाबा, ही गारी हाय का म्हावऱ्याची पाटी? माझं गिऱ्हाईक सगलं तुमच्या मांगं चाललंय!" आतोबा म्हणाले, "बाई, तुझी मासळी गेल्या जन्मी पोहली, या जन्मी धावते आहे." आत्याबाईंनी त्या दिवशी त्यांना विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय घरात घेतले नाही.

घोडाही गाडीला शोभेल असा होता. पलटणीतून म्हातारपणामुळे काढून टाकलेला. थंडीत सकाळी तो उभ्या उभ्या झोपे आणि काही केल्या पाय उचलीत नसे. आत्याबाईंनी बाळंतिणीला करावेत तसे डिंकाचे लाडू थंडीसाठी करून ठेवले, तर डबा वेळेआधी रिकामा. "इकडून घोड्याला लाडू दिले वाटतं?" आतोबा गंभीरपणे म्हणाले, "वातावर गुणकारी आहेत, असं तुम्हीच म्हणाला होतात." पुढे गोधडीही घोड्याच्या अंगावर दिसली. "घोड्याला माझी गोधडी आणि मला घोड्याचा वास," एवढे बोलून आत्याबाईंनी दुसरी गोधडी शिवायला घेतली. त्या रागाच्या भरातही टाके मोठे घालीत नसत, म्हणून मला वाटते, ती दुसरीही घोड्याकडेच जाणार हे त्यांना ठाऊक होते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आतोबा सहन करीत नसत. 'गाडी मोडली' हे शब्द त्यांच्या घरात उच्चारायचे नाहीत. गाडी 'बसली' म्हणावे, 'विचारात पडली' म्हणावे, फारच झाले तर 'तिची आज इच्छा नाही' म्हणावे. धाव निघो, आस वाको, घोडा वाटेत निजो, आतोबा काहीतरी करून, दोऱ्या बांधून, स्वतः दांड्यांना लागून गाडी घरी आणीत. "माझी गाडी उशिरा पोचली असेल," ते छाती काढून सांगत, "पण पोचली नाही, असं झालेलं नाही." कचेरीत बढती नाही, घरात शब्दाला किंमत नाही, अशा माणसाजवळ अभिमान ठेवायला दुसरी वस्तूच नव्हती. त्यांचे ते वाक्य नीट ध्यानात ठेवावे अशी माझी विनंती आहे. पुढचे सगळे त्यावर आहे.

आतोबांची एकुलती एक मुलगी यमू. तिला डोंबिवलीला दिली. तेव्हाची डोंबिवली म्हणजे भाताची खाचरे, चार आळ्या आणि नवे झालेले स्टेशन. कल्याणहून दोन कोस, पण सासर दोन कोसांवर असो की दोनशे, ते सासरच. व्याही जमीनजुमल्याचे धनी आणि रीतीभातीचे मोठे कडक. यमूचा लग्नानंतरचा पहिला संक्रांतसण आला तेव्हा त्यांनी निरोप धाडला, तो मीच ऐकून आलो होतो, कारण ठाण्याच्या कचेरीत उमेदवारी करताना मी आत्याकडेच राहत असे. व्याही सुपारी कातरीत म्हणाले, "भोगीला न्या, संक्रांतीला दिवे लागायच्या आत आणून पोचवा. दुसऱ्या दिवशी कर, करीला सुनेनं प्रवास करायचा नाही. आगगाडीचं नाव काढू नका, तिथं कोण कोणाला शिवतं याचा धरबंध नाही. आणि बैलगाडीतून आणाल तर गाव म्हणेल, पेंढ्याच्या भाऱ्यावर बसून सून आली. तुमची ती घोड्याची गाडी आहे ना? लग्नात फार ऐकलं तिच्याबद्दल."

"आणि तिला काही... म्हणजे गाडी विचारात पडली तर आपली दमणी?" मी चाचरत विचारले.

"आमची दमणी सुनेला माहेराहून आणायला जात नसते. नेणाऱ्यानं पोचवायचं. ही रीत आहे."

आतोबांनी हे ऐकले आणि त्यांच्या अंगात वारे शिरले. चाके तळ्यात गेली ती कितीतरी दिवस वर आलीच नाहीत. घोड्याला लाडवांचा खुराक सुरू झाला. भोगीच्या सकाळी आम्ही दोघे निघालो आणि शिग्राम असे धावले, की आम्ही ठरल्या वेळेच्या आधी पोचलो. व्याही अजून अंघोळ करीत होते. ते ओलेत्यानेच ओटीवर आले, गाडीकडे पाहिले, मग गाडीमागून आलेल्या मांजरांकडे पाहिले. "हे काय हो?"

आतोबा हात जोडून म्हणाले, "मांजर आडवं गेलं तर अपशकुन. मागून येतं, त्याला कुठलं शास्त्र?"

यमू हात पदरात घेऊन गाडीत बसली. वाटभर ती झडपेच्या फटीतून बाहेर पाहत होती. एरवी बापाची थट्टा करण्यात आईच्या वरताण असलेली ती पोर, मांजरांवरही काही बोलली नाही, फक्त मधून मधून खोकत होती. घरी आल्यावर आत्याबाई तिला हलव्याच्या बांगड्या घालायला बसल्या आणि तिने हात मागे घेतला. तेव्हा सगळ्यांनी ते हात पाहिले. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडून रक्त सुकले होते. पहाटे उठून गार पाण्याने अंघोळ, ओलेत्याने विहिरीचे पाणी भरायचे, मग सगळ्या घराची सोवळी धुवायची, हा धाकट्या सुनेचा नेम होता. "मला गार पाण्याची सवय नाही ना, म्हणून," यमू म्हणाली, जणू चूक तिच्या हातांचीच होती. आत्याबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच भांडी वाजवू लागल्या. मुलगी सुखात आहे ना, असे विचारण्याची रीत होती, उत्तर ऐकण्याची नव्हती.

आतोबा मात्र तिच्यासमोर उकिडवे बसले. चाकाचा आरा पाहावा तसा तिचा हात त्यांनी उजेडाकडे वळवून पाहिला, भेगेवरून अंगठा फिरवला. मग तबेल्याच्या कोनाड्यातून कोकमतेलाचा गोळा घेऊन आले, तो निखाऱ्यावर पातळ केला आणि एकेका बोटाला चोळू लागले.

"आबा, हे घोड्याच्या पट्ट्यांचं ना?" यमूला हसू आले. ते तिचे त्या दिवसातले पहिले हसू.

"हो. पट्ट्यांनी कधी तक्रार केली आहे?"

संक्रांतीला दुपारी यमू काळी चंद्रकळा नेसून, डोळे कोरडे करून, जायला तयार बसली. गाडी लावली का, हे पाहायला मी परसात गेलो. पाहतो तो आतोबा मागच्या चाकाशी हातोडा घेऊन बसलेले. त्या घरात हातोड्याचा आवाज म्हणजे चिमण्यांचा आवाज, कोणी मान वर करीत नसे. आधी मला वाटले, खीळ ठोकताहेत. मग ध्यानात आले, ते धाव काढताहेत. आणि धाव निघत नव्हती! इतकी वर्षे नको तेव्हा, नको तेथे निघून हलवायाच्या दुकानात शिरणारी धाव त्या दिवशी जागची हलायला तयार नव्हती. आतोबांना घाम फुटला होता.

"आतोबा, अहो, काय करता हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. दचकले नाहीत. "बापू, बघ तरी कशी बसली आहे! दगड आहे, दगड. असं चाक मला जन्मात जमलं नव्हतं." आणि लगेच म्हणाले, "उभा काय राहिलास? तिकडून पहार घाल."

मी पहार घातली. दोघांनी मिळून ती धाव उपटली, दोन आरे फोडले, चाक कलते केले. शिग्राम एका अंगावर आले आणि घोडासुद्धा जागा होऊन मागे पाहू लागला. आतोबा हात पुसत म्हणाले, "हे कोणाला बोलायचं नाही. मी आहे तोवर नाही, आणि पोरीची सासरची वडीलधारी आहेत तोवरही नाही." मग ते अंगणात गेले आणि ज्या माणसाने ते शब्द घरात कोणाला उच्चारू दिले नव्हते, तो माणूस साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "गाडी मोडली! अहो, गाडी मोडली!"

"मला ठाऊकच होतं!" आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आज तरी! आज तरी हिनं लाज राखायची होती!" आळीतले लोक जमले, चाकाभोवती उभे राहून हसले. दुसऱ्या दिवशी कर. कर गेल्यावर व्याही स्वतः दमणी जुंपून खात्री करायला आले. त्यांनी मोडक्या चाकाला काठीने टोचले आणि त्यांचा चेहरा इतका खुलला, की एवढा आनंद त्यांना लग्नातल्या मानपानानेही झाला नसेल.

"काय हो व्याही, पोचत नाही असं कधी झालेलं नाही म्हणत होता ना?"

"झालं खरं," आतोबा खाली मान घालून म्हणाले.

"मग आता किती दिवस?"

"लाकूड भिजवायला हवं. ते लाकडाच्या मनावर. रथसप्तमीला प्रत्यक्ष सूर्यनारायणाचा रथ हलतो, तेव्हा आमचाही हलेल म्हणतो."

व्याही पोट धरून हसले. यमू दाराआड उभी होती, दमणी दारात उभी होती, दमणीत जागाही होती. पण सुनेला आणायला दमणी जात नसते. व्याह्यांनी तिळगूळ खाल्ला आणि आपल्या रीतीसह रिकाम्या दमणीतून परत गेले. वाटेत ज्याला त्याला त्यांनी ती गोष्ट सांगितली असणार, कारण चार दिवसांत ती आमच्या कचेरीतही पोचली. यमू रथसप्तमीपर्यंत माहेरी राहिली, उन्हात बसली, कोमट पाण्याने न्हायली. तिचा खोकला गेला, हात भरून आले. रथसप्तमीला शिग्राम निघाले आणि एकदाही न थांबता डोंबिवलीला पोचले. ते पाहायला मात्र रस्त्यावर कोणी नव्हते.

पुढे दर संक्रांतीला गाडी मोडू लागली. इतकी नेमाने, की व्याहीच निरोप धाडीत, "रथसप्तमीलाच आणा, आम्ही काही त्या पेटीची वाट पाहत नाही." हळूहळू थोरल्या सुनेच्या माहेरच्यांनीही तेवढेच दिवस मागितले. आजही त्या घरातल्या सुना भोगीला माहेरी जातात त्या रथसप्तमीला परततात. ती त्या घराची जुनी रीत आहे, असे नव्या सुनांना सांगितले जाते.

आणि आतोबा? 'आतोबांची गाडी' ही आमच्या आप्तांत म्हणच झाली. कोणी शब्द देऊन फिरला की ती आठवायची, लग्नाची तिथी पुढे गेली की ती आठवायची. पूर्वी कोणी गाडीला नाव ठेवले की ते भांडायला उठत, आता नुसते हसून मान डोलावीत. आणि लग्नामुंजीच्या पंगतीत ती गोष्ट सर्वांत रंगवून कोण सांगे, तर मी. न बोलण्याची शपथ होती, हसवण्याची नव्हती. पण लोक हसत आणि मला थांबवत नसे. आतोबाही समोर बसून ऐकत, एकदा तर म्हणाले, "बापू, कलत्या गाडीकडे घोडा वळून पाहतो ते विसरलास." आतोबा गेले, आत्याबाई गेल्या, व्याही-विहीण जाऊनही कितीतरी वर्षे झाली. तोंड बांधून ठेवणारे कोणी उरले नाही, आणि तरी मी जुनीच गोष्ट सांगत राहिलो, कारण तिला हशा होता.

गेल्या संक्रांतीला मी यमूकडे गेलो होतो. तिच्या नातवाने एक जुनी मोटार आणली आहे. ती अंगणात दांडा फिरवूनही चालू होईना, तेव्हा कोणी तरी म्हणाले, "आतोबांची गाडी!" आणि सगळे माझ्याकडे वळले. मी सवयीने सगळी गोष्ट सांगितली, हातवाऱ्यांसकट. सगळे हसले. यमू तिळगूळ वाटीत माझ्यापाशी आली. तिचे हात आता गुबगुबीत आणि सुरकुतलेले आहेत. वडी माझ्या हातावर ठेवून ती हळूच म्हणाली, "दादा, पहार तूच घातली होतीस ना रे? मी मागच्या दारात उभी होते."

म्हणून हे लिहिले. त्या घरातल्या मुलांनी वाचावे, आणि आतोबांच्या गाडीला हसायचे तर हसावे, पण ती मोडली होती असे म्हणू नये.

आतोबा गेले ते थंडीतच. चाके तेव्हा तळ्यात होती. ती कोठे बुडवीत हे त्यांनाच ठाऊक. शोधून तीन सापडली, चौथे राहून गेले. यंदा वैशाखात पाणी फार उतरले, तेव्हा काठाजवळच्या गाळातून त्याची अर्धी कड वर आलेली दिसली. पोरे तिच्यावर चढून उड्या मारीत होती. पोरे घरी गेल्यावर मी हळूहळू उतरलो आणि काठीचे टोक लाकूड आणि लोखंड यांच्या मध्ये घालून पाहिले. धाव गंजून लाल झाली आहे. काठीचे टोक शिरले नाही.